ऊती अभियांत्रिकीसाठी नैसर्गिक हायड्रोजेल : अल्जिनेटचा विचार

सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तिला झालेली इजा सहसा आपोआप भरून येत नाही. अशा ऊतीच्या पुनर्निर्मितीसाठी पेशींना तात्पुरता आधार लागतो. पाण्यात न विरघळता विपुल पाणी धरून ठेवणारे पॉलिमर साखळ्यांचे त्रिमितीय जाळे, म्हणजेच हायड्रोजेल, हा असा आधार होय.

तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट हे त्याचे अभ्यसनीय उदाहरण आहे. सोडिअम अल्जिनेटचे द्रावण कॅल्शिअम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडल्यास कॅल्शिअमचे आयन शेजारच्या साखळ्यांना जोडतात व प्रत्येक थेंबाचा मणी बनतो. ही क्रिया सामान्य तापमानास, विषारी द्रावकाविना घडत असल्याने त्यात जिवंत पेशी ठेवता येतात. १९८० मध्ये लिम व सन यांनी इन्सुलिन स्रवणारे पेशीपुंज अल्जिनेटयुक्त आवरणात ठेवून मधुमेही उंदरांची रक्तशर्करा काही काळ नियंत्रित केली.

परंतु हा सौम्य बंध हीच त्याची मर्यादाही ठरते. शरीरात सोडिअमचे आयन कॅल्शिअमची जागा घेतात आणि जाळे अनियमितपणे सैल होते. सुट्या झालेल्या साखळ्यांचे विघटन करणारे विकर सस्तन प्राण्यांत नसते. शिवाय पेशींना चिकटण्यास योग्य स्थानेही अल्जिनेटमध्ये नसतात. म्हणून त्यास विशिष्ट पेप्टाइड जोडले जातात, तसेच अंशतः ऑक्सिडीकरण करून साखळी विघटनक्षम केली जाते. मात्र ऑक्सिडीकरण वाढविल्यास जेल दुर्बल होते.

सांगाडा लवकर विरल्यास पेशी निराधार होतात. उशिरा विरल्यास नव्या ऊतीस जागा उरत नाही. ऊती घडण्याचा व सांगाडा विरण्याचा वेग जुळविणे, हेच या संशोधनापुढील खरे आव्हान आहे.