कुणाचे कान कुठे?

आमचा मळा गंगापूर रोडला आहे. रात्री लाईट आली की आबा काठी आपटत पाणी भरायला निघतात. मी म्हटलं, "आबा, सापाला तर कानच नाहीत!" ते नुसते हसले.

मग बाईंनी सांगितलं. सापाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण आत असतात. जमिनीचा हादरा त्याच्या खालच्या जबड्यातून आतल्या कानाला पोचतो. हवेतला आवाज त्याला कमीच कळतो. म्हणून ओरडण्यापेक्षा काठी बरी.

तेव्हापासून मी बांधावर सगळ्यांचे कान शोधतो. बेडकाच्या डोळ्यामागे गोल चकती असते, तो कानाचा पडदा. नाकतोड्याचे कान पोटाच्या बाजूंना, पंखांखाली. रातकिड्याचे तर पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली!

आता रात्री बॅटरी आबांकडे, काठी माझ्याकडे असते.