सुंदरलाल कमिटीचा अहवाल आणि बीदर-गुलबर्गा

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना १९४८ साल विचारलं की ते 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. खरं तर १३ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानात शिरलं ते भारतीय लष्कर होतं, रणगाड्यांसकट. सोलापूरहून निघालेली मुख्य तुकडी नळदुर्ग, हुमनाबाद, जहिराबाद या रस्त्याने हैदराबादकडे गेली. पण परराष्ट्रावर चढाई केली असं जगाला वाटू नये, घरातला बंदोबस्त वाटावा, म्हणून नाव दिलं पोलीस कारवाईचं. निजामाची तक्रार तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर गेलेली होती. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली, दुसऱ्या दिवशी त्याच्या फौजेने रीतसर शरणागती दिली आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते.

त्याआधी काय झालं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. लातूरचा वकील कासिम रझवी, त्याचे रझाकार, लुटालूट, जाळपोळ, सोलापूर-बार्शीकडे पळालेली कुटुंबं. बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेली कत्तल तर अजून घराघरात सांगितली जाते. तिथल्या हुतात्मा स्मारकाचं उद्घाटन मार्च २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते झालं. ही आठवण खरी आहे आणि ती जपलीच पाहिजे. हा लेख मात्र तिच्या पुढच्या दोन-तीन महिन्यांचा आहे.

रझाकार मोडले, पण त्यांचा सूड गावोगावच्या साध्या मुसलमानांवर उगवला गेला. दिल्लीला त्याच्या बातम्या पोचू लागल्या तेव्हा नेहरूंनी नोव्हेंबर १९४८ मध्ये तिघांना पाठवायचं ठरवलं: पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. हे कोणी परके किंवा सरकारचे वैरी नव्हते. सुंदरलाल जुने काँग्रेसवाले, त्यांचं 'भारत में अंग्रेज़ी राज' हे पुस्तक इंग्रजांनी १९२९ साली जप्त केलं होतं. काझी साहेबांनी हैदराबादेत 'पयाम' हे उर्दू दैनिक चालवलेलं, त्यामुळे संस्थानातली माणसं त्यांच्या ओळखीची.

२९ नोव्हेंबरला ते हैदराबादला पोचले आणि २१ डिसेंबरपर्यंत फिरले. संस्थानच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्हे, ७ जिल्ह्यांची ठाणी, २१ गावं-शहरं आणि २३ महत्त्वाची खेडी त्यांनी पाहिली. शिवाय जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या ५०० वर माणसांकडून हकिकत ऐकली. तीन आठवड्यांत, त्या वेळच्या रस्त्यांवर, हे काम थोडं नव्हे.

त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानभर २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली. सगळ्यात वाईट चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून किमान १८,०००. लातूर हा रझवीचा गाव म्हणून तिथे जास्तच. मारामारी वीसेक दिवस चालली, आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी कमिटीला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले, बाकी पळाले. अजून प्रेतं कुजत असलेल्या विहिरी या लोकांनी स्वतः पाहिल्या. पळवलेल्या बायका, जबरदस्तीने ठेवायला लावलेल्या शेंड्या, लुटलेली दुकानं, हे सगळं अहवालात आहे.

पण त्यात आणखीही आहे, आणि तेच फारसं सांगितलं जात नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यासाठी स्वतःचा जीवही दिला. पळवलेल्या बायका परत आणायला कितीतरी हिंदूंनी मदत केली. लष्कराबद्दलही अहवाल एकांगी नाही. चौधरींची आणि फौजेच्या एकंदर शिस्तीची तो वाखाणणी करतो. मात्र काही ठिकाणी जवान आणि पोलीस लुटीत व खुनात सामील होते, कुठे कुठे तर त्यांनी जमावाला चिथावलं, भाग पाडलं, असंही स्पष्ट सांगतो. अडचण झाली ती नेमकी इथे.

सरकारच्या सांगण्यावरून आम्ही सदिच्छा मंडळ म्हणून गेलो, असं अहवालाच्या सुरुवातीलाच आहे. सरदार पटेलांनी मात्र सरकारने असं मंडळ पाठवलं हेच मान्य केलं नाही. म्हणजे बघा, आकडा खोटा आहे असं सिद्ध करायची गरजच पडली नाही. विचारायचा अधिकारच नव्हता म्हटलं की काम झालं. अहवाल छापला गेला नाही. नेहरूंनीही तो बाहेर काढला नाही, हेही त्याच खात्यावर लिहायला हवं.

पुढे तो तुकड्यातुकड्यांनी उजेडात आला. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या अभ्यासकाने १९५० मध्येच या कत्तलींवर लिहिलं होतं. १९८८ मध्ये उमर खालिदींच्या संपादित पुस्तकात अहवालाचे उतारे आले. २०१३ मध्ये ए. जी. नूरानींच्या पुस्तकात तो सविस्तर छापला गेला, आणि दिल्लीच्या नेहरू संग्रहालयातली प्रत अभ्यासकांना बघता येऊ लागली. मध्ये पासष्ट वर्षं गेली. कागद बंद राहिल्यामुळे एकीकडे 'काहीच झालं नव्हतं' असं म्हणणारे झाले, दुसरीकडे दोन लाखांचा आकडा फिरू लागला. कमिटीची वरची मर्यादा ४०,००० आहे. तोही अंदाजच: ही न्यायालयीन चौकशी नव्हती, नावनिशीवार यादी नाही, ऐकलेल्या-पाहिलेल्यावरून केलेली बेरीज आहे.

अहवाल वाचताना आपल्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यातला 'बीदर जिल्हा' म्हणजे आजचा बीदर नव्हे. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हा बीदरमध्येच होते, जहिराबाद, नारायणखेडही. १९५६ च्या भाषावार वाटणीत ते तीन राज्यांत गेले. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगल आंध्रात गेले. लातूर तर उस्मानाबादेतलं तालुक्याचं गाव होतं, जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्यामुळे 'बीदरमध्ये इतके' हा आकडा घेऊन आजच्या नकाशावर टाकला तर हिशोब चुकतो, आणि भालकीतली हकिकत शोधायला बंगळूरचं दफ्तर, उदगीरची शोधायला मुंबईचं दफ्तर असा फेरा पडतो. दोन्हीकडच्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत ही तीन माणसं येत नाहीत. बीदर, गुलबर्गा, उदगीरकडच्या जुन्या घरांत १९४८-४९ ची उर्दू, मोडी किंवा कानडी पत्रं, जमिनीचे कागद, पोलीस पाटलाकडचे दाखले असतील तर ते रद्दीत घालण्याआधी मंडळाला एकदा बघू द्यावेत. मोडी वाचणारे दोघे आणि जुनं उर्दू वाचणारे एक सभासद दर रविवारी बसतात.