आधी ढोलकी, मग पडदा

सिनेमा नेमका कुठून सुरू होतो, यावर आमच्या शिरूर-दौंडकडच्या प्रेक्षकांचं आणि पुण्या-मुंबईच्या समीक्षकांचं कधी जमलं नाही. समीक्षक पहिल्या शॉटपासून धरतात. आमच्याकडे तो तंबूवरच्या कर्ण्यापासून सुरू व्हायचा. जत्रेच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा ट्रक लागला, कनाती उभ्या राहिल्या, दिवस मावळला की कर्ण्यावर तबकड्या वाजायला लागत. शेवटी आरतीची तबकडी लागली की ज्याला समजायचं त्याला समजायचं. भजी अर्धवट टाकून माणसं तिकिटाकडे पळत. आत पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं की सगळ्यांचे डोळे रिळांच्या आकड्यावर. सोळा रिळं म्हटल्यावर शिट्ट्या आणि बारा म्हटल्यावर पैसे बुडाल्याचा सुस्कारा. एकही चित्र हललेलं नसताना तंबूत अर्धा मूड तयार झालेला असायचा.

हे रंजक म्हणून सांगत नाही. यामागे एक तांत्रिक कारण होतं, आणि ते आपल्या सिनेमावरच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. रिळाचा सगळ्यांत झिजलेला भाग म्हणजे त्याचं तोंड. ऑपरेटर दर खेळाला तेच तोंड मशीनमध्ये ओवणार, तुटलं की कापून पुन्हा जोडणार. मुंबई-पुण्यात पन्नास आठवडे चालून आलेली प्रिंट कवठ्याच्या किंवा कुरकुंभच्या जत्रेत पोचेपर्यंत पहिल्या रिळाच्या तोंडाशी नुसता पाऊस पडत असायचा. काही वेळा पहिले दोन-तीन शॉट गायबच. शिवाय तंबूत पूर्ण अंधार नाही, पोरं रडतायत, उशिरा आलेले जागा शोधतायत, आणि गर्दी झाली तर काही मंडळी पडद्याच्या मागल्या बाजूला बसून उलटी अक्षरं पाहतायत. ज्या दिग्दर्शकानं सगळा जीव पहिल्या चित्रात ओतला, त्याचा सिनेमा आमच्याकडे मुक्यानंच सुरू व्हायचा. ज्यानं तो आवाजात ओतला, तो मात्र पोचला. मी गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलोय, की आपल्या मुलखात सिनेमाची सुरुवात डोळ्यांआधी कानांवर येते, आणि ही सवय हॉलिवूडनं लावलेली नाही, तमाशानं लावली आहे.

यावर काही विद्वान मंडळी मला नेहमी सॉल बासची आठवण करून देतात. १९५५च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’पासून टायटल्सना कलेचा दर्जा मिळाला, वगैरे. मिळाला, कबूल. मीही शिरूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये फिल्म अर्काइव्हच्या सोळा मिलिमीटरच्या प्रिंट आणून दाखवल्या आहेत, आणि सतीश बहादूर सरांना ‘पथेर पांचाली’ शॉटगणिक उलगडताना ऐकलं आहे. पण याच मंडळींच्या लाडक्या ‘टच ऑफ ईव्हिल’चं (१९५८) काय झालं पाहा. गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक वेळ न तुटता गावातून फिरतो. ऑर्सन वेल्सला त्यावर रस्त्यातले आवाज हवे होते, दुकानादुकानातून येणारं संगीत हवं होतं. स्टुडिओनं त्यावर हेन्री मॅन्सिनीचं संगीत आणि श्रेयनामावली चिकटवली. वेल्सच्या लेखी टिपणाबरहुकूम ते आवाज परत यायला १९९८ उजाडलं. म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सुरुवातीचं भांडणसुद्धा आवाजावरूनच होतं. हे मात्र व्याख्यानांत कुणी सांगत नाही.

फाळक्यांपासून आढावा घ्यायचा रिवाज आहे म्हणून घेतो. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) उघडतो तो राजा रोहिताश्वाला धनुर्विद्या शिकवतोय अशा दृश्यानं, आणि ते सरळ रविवर्म्याच्या चित्रांतून उतरलेलं आहे. घराघरात ती तसबीर होती. प्रेक्षकाला ओळख पटली, पौराणिक खेळ आहे हे कळलं, काम झालं. मूकपटाला याहून जास्त काय करता येणार?

‘प्रभात’ची तुतारी सगळ्यांना माहीत आहे, तिच्याबद्दल नवं काही नाही. पण ‘संत तुकाराम’ची (१९३६) सुरुवात मी अजूनही पोरांना ऐकवतो. मुद्दाम ऐकवतो, दाखवत नाही. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम विठ्ठलापुढे गातोय. साधी चाल, साधा आवाज, कुठेही हरकत नाही. मग तेच शब्द सालोमालो आपले म्हणून देवळात गातो, आणि ताना, नखरे, श्रोत्यांकडे बघणं सुरू होतं. संवादातून खलनायकाची ओळख करून देण्याआधी कानानं निवाडा दिलेला असतो. दामले-फत्तेलालांनी संतपट आहे की कौटुंबिक हे सांगण्यात वेळ घालवला नाही. एका पदाच्या दोन गायक्यांत भक्ती आणि सोंग समोरासमोर उभं केलं. त्याच ‘प्रभात’मध्ये शांतारामबापूंनी पुढच्या वर्षी ‘कुंकू’ पार्श्वसंगीताशिवाय, नुसत्या प्रसंगातल्या आवाजांवर उभा केला. हे लोक कानाचे होते.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. संपादकांनी पानं मोजून दिली असली तरी इथं मी घाई करणार नाही.

ढोलकी-फडाच्या तमाशाचा क्रम वाचकांना सांगायची गरज नाही. गण, गवळण, बतावणी, मग वग. पण गणाच्याही आधी एक गोष्ट असते, ती म्हणजे नुसती वाजवणी. ढोलकी आणि हलगी एकमेकींना डिवचत राहतात, मध्ये झांज, मागं तुणतुण्याचा एकच सूर. मंचावर कुणी नसतं. ही वाजवणी जत्रेत पांगलेल्या माणसांना गोळा करते. पाळण्याजवळचा, मिठाईच्या दुकानापुढचा, देवळातून बाहेर पडलेला माणूस पाय ओढत फडाकडे येतो. गण सुरू होईपर्यंत बसलेल्या माणसाचं अंग तयार झालेलं असतं. आज वग कुठला, ऐतिहासिक की सामाजिक, हे जाणता प्रेक्षक वाजवणीच्या चढावरून ताडायचा. आमच्या तालुक्यातलं कवठे येमाई हे या कलेचं गाव. बशीर मोमीन कवठेकर तिथलेच; २०२१ साली गेले. कितीतरी फडांना त्यांनी गण-गवळणी, लावण्या, वग लिहून दिले. मुसलमान घरातला माणूस गणपतीचं नमन लिहितो आणि ते गाऊन फड उभा राहतो, याचं इकडे कुणाला कौतुकसुद्धा वाटत नसे, इतकं ते सहज होतं.

तमाशापटांनी हा क्रम जसाच्या तसा उचलला. १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’नं वाट पाडली आणि अनंत माने यांनी तिचा हमरस्ता केला. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला, हा आकडा सगळे फेकतात. तो का चालला, हे विचारलं की ‘बुगडी’चं नाव घेतात. मला सिनेमाचं नावच महत्त्वाचं वाटतं. श्रेयनामावलीतच बाईनं प्रेक्षकाला समोर बसवलंय, आता उठायचं नाही. गदिमांची गीतं, व्यंकटेश माडगूळकरांची पटकथा, वसंत पवारांचं संगीत. आणि पवार मुळात सतारिये, त्यामुळे तुणतुण्याच्या एका सुराभोवती काय बांधता येतं हे त्यांना उपजत कळत होतं. पुढचे ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) हेही त्याच हाकेचे. त्या काळातल्या कितीतरी तमाशापटांची श्रेयनामावली म्हणजे गण, पाणवठ्यावरचा किंवा जत्रेतला पहिला प्रसंग म्हणजे गवळण, गड्यांची थट्टामस्करी म्हणजे बतावणी, आणि मग पाटलाची गाडी वाड्यात शिरली की वग सुरू. झिजलेलं रीळ असो की पडद्यामागची उलटी अक्षरं, ढोलकीचा पहिला तोडा पडला की तंबूतल्या शेवटच्या माणसाला कळायचं, आज काय बघायला बसलोय.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. पुढच्या दिग्दर्शकांनी ढोलकी-फड आणि संगीतबारी यांची खिचडी केली. चौफुल्याच्या कला केंद्रात जी बैठक चालते तिथं वग नाही, सोंगाड्या नाही. पेटीच्या सुरानं तिची सुरुवात होते आणि तिचा वेळही वेगळा चालतो. नारायणगावात मोसमाच्या तोंडावर राहुट्या टाकून बसणारे फड ही निराळी दुनिया. सिनेमात मात्र बैठकीतल्या बाईच्या मागं दहा ढोलक्या आणि वर वगाचा सोंगाड्या! चूक वेशभूषेची असती तर सोडून दिली असती. पण सुरुवातीलाच चुकीचं वाद्य वाजलं की इकडचा प्रेक्षक मनातून उठून जातो.

दादा कोंडक्यांना हे कळत होतं. ते ‘विच्छा माझी पुरी करा’च्या मंचावरून आलेले, ‘सोंगाड्या’ (१९७१) बतावणीच्या तालावर चालतो. ‘पिंजरा’ (१९७२) रंगीत होता, राम कदमांची ढोलकी त्यात भरघोस होती. त्यानंतरची विनोदी चित्रपटांची लाट आणि साडी-कुंकवाच्या रडक्या चित्रपटांची रांग, यांच्या सुरुवातींबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. नावं यायची, मागं सिंथेसायझर वाजायचा.

दौंडचा एक वेगळा किस्सा सांगितला पाहिजे. दौंड हे जंक्शन. सोलापूर, मनमाड आणि बारामती या तिन्ही वाटा तिथून फुटतात. रेल्वेतली माणसं सिनेमातल्या गाडीकडे धंद्याच्या नजरेनं बघत. ‘शोले’ (१९७५) आडगावच्या स्टेशनात गाडी येते तिथून सुरू होतो. जेलर उतरतो, रामलाल घोडे घेऊन उभा, आणि आर. डी. बर्मनचं संगीत घोड्यांच्या टापांवर चालू होतं. दौंडकर मित्रांची चर्चा इंजिनाच्या धुरावर आणि शिट्टीवर. मी त्यांना सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) गोष्ट सांगायचो. तिथं तिघेजण स्टेशनात गाडीची वाट बघतात आणि कितीतरी वेळ संगीतच नाही. करकरणारी पवनचक्की, माशीची भुणभुण, टोपीवर टपटपणारं पाणी. एक फिटर म्हणाला, “मग बरोबर आहे की, रात्रपाळीला असंच ऐकू येतं.” रमेश सिप्पींनी स्टेशन घेतलं, पण शांतता घेतली नाही, आपल्याकडे टायटलला वाद्य वाजलंच पाहिजे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही सुरुवाती आपापल्या जागी बरोबर आहेत.

जब्बार पटेलांवर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरतो. ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) गोष्ट सांगायचं काम गाणाऱ्या मंडळींच्या हवाली केलं, ही तमाशाचीच रीत. ‘सिंहासन’ (१९७९) एका निनावी फोननं पेटतो. मुख्यमंत्री कोण, तर अरुण सरनाईक! ‘सवाल माझा ऐका’चा नायक आता खुर्चीवर, आणि ढोलकीच्या जागी टेलिफोन. श्याम बेनेगलांची ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ याच नावाच्या आत्मकथनावर बेतलेली. तीही नाचगाण्यानंच उघडते; बघणारा फडात जाऊन बसतो, आणि मग कळतं की हा सिनेमाचा सेट आहे. बाईचं आयुष्य आणि बाईचं सोंग यांतली फट बेनेगलांनी पहिल्याच गाण्यात दाखवून दिली. मराठीत हे धाडस कुणी केलं नाही, ही खंत आहे.

आता काय उरलंय? आधी पाच-सहा निर्मिती संस्थांची बोधचिन्हं, मग तंबाखूचा इशारा, मग पुढाऱ्यांचे विशेष आभार, मग ड्रोन. तालुक्यातली होतकरू पोरं मला शॉर्ट फिल्म दाखवायला येतात. दहापैकी आठ घोड धरणावरून उडणाऱ्या ड्रोननं सुरू होतात, खाली भारदस्त आवाजात निवेदन. गोष्ट सावकाराची असो, प्रेमाची असो की बिबट्याची, ड्रोन तोच. ऐतिहासिकवाल्यांकडे गडावरून फिरणारा ड्रोन आणि त्यावर नकाशा. घरी मोबाईलवर बघणाऱ्यांना तर टायटल्स उडवायचं बटणच दिलंय. कर्ण्यावरची आरती ऐकून धावत येणारा प्रेक्षक आणि बटण दाबून गण उडवणारा प्रेक्षक यांच्यासाठी एकाच तऱ्हेची सुरुवात रचता येणार नाही, हे मलाही समजतं. पण म्हणून निवेदनाचा दळभद्रीपणा कशाला?

अपवाद आहेत, आणि ते याच पट्ट्यातून आले. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलं की भिगवणच्या पुढं जेऊर लागतं, ते नागराज मंजुळेंचं गाव. ‘फँड्री’त (२०१३) जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे रानात हिंडतो, आणि सिनेमा प्रेमकथा आहे, बालपट की आणखी काही, याचा पत्ता लागू देत नाही. शेवटी दगड थेट आपल्यावर येतो. १९०३च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’त प्रेक्षकावर गोळी झाडणारा शॉट होता, तो सुरुवातीला लावा की शेवटी, हे खेळ करणाऱ्यावर सोपवलेलं होतं. मंजुळेंनी तो निर्णय बरोबर घेतला. ‘सैराट’ (२०१६) क्रिकेटच्या मॅचनं उघडतो, आणि ती कॉमेंट्री म्हणजे माईक हातात दिलेली बतावणी आहे. सोंगाड्या गेला नव्हता, टेनिस बॉलच्या मैदानावर जाऊन उभा होता. समीक्षकांनी याला ‘वास्तववाद’ म्हटलं. माईकवरून असं बोलणारा माणूस पिढ्यान् पिढ्या हसवत आलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. अख्ख्या सिनेमाला या गोंगाटाची सवय लावून शेवटी आवाजच काढून घेतला, म्हणून तो शेवट सोसवत नाही.

आणि चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४). नारायण कांबळे घरी मुलांची शिकवणी घेतोय, मग निघतो, मंचावर चढतो, शाहिरी सुरू होते. गाणी संभाजी भगतांची. कॅमेरा हलत नाही. सतरंजीवर बसलेला माणूस जिथून बघेल तिथं तो बसलाय. आपली समजूत होते की सिनेमा शाहिराचा आहे. कार्यक्रम चालू असतानाच पोलीस येतात, शाहीर जातो, आणि तिथून पुढं सिनेमा कोर्टाचा होतो. गण झाला, आणि वग भलताच निघाला. परवा एका परिसंवादात या सुरुवातीला ‘माहितीपटासारखी, कलाहीन’ असं म्हटलं गेलं. म्हणणाऱ्यानं जलसा कधी जमिनीवर बसून ऐकलेला नाही, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. आणि तसं मी तिथं उभं राहून सांगितलंही.