सालामांकाचें दफ्तर
स्पेनच्या यादवी युद्धाचे कागद व त्यांचें स्थित्यंतर

कोणतेंहि दफ्तर हातीं आलें म्हणजे संशोधकानें प्रथम विचारावयाचें तें हें कीं, हे कागद कोणीं जमविले व कशासाठीं जमविले. कागद अस्सल ठरला एवढ्यानें काम भागत नाहीं. अस्सल कागदहि कांहीं हेतूनें राखलेला असतो, आणि तो हेतु न ओळखतां त्यावरून काढलेलीं अनुमानें फसतात. या गोष्टीचें ठळक उदाहरण स्पेन देशांतील सालामांका शहरीं पाहावयास मिळतें. तेथील यादवी युद्धाचें दफ्तर शत्रूंस हुडकून शासन करण्यासाठीं जमविण्यांत आलें. पुढें राजवट पालटली, आणि त्याच कागदांच्या आधारें शासन भोगलेल्यांचे हक्क सिद्ध होऊं लागले. स्पेनमध्यें यादवींतून हुकूमशाही व हुकूमशाहींतून लोकशाही कशी आली, हें या एका दफ्तराच्या हकीकतीवरून बरेंचसें समजतें. म्हणून ती हकीकत क्रमानें येथें देत आहों.

(१) यादवीचा उगम

१४ एप्रिल १९३१ रोजीं राजा आल्फोन्सो तेरावा यानें स्पेन सोडलें व प्रजासत्ताक स्थापन झालें. जमिनीची वांटणी, चर्चचे अधिकार, कातालोनिया प्रांताची स्वायत्तता आणि लष्कराची पुनर्रचना या प्रश्नांवर पुढील पांच वर्षें देश दुभंगत गेला. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकींत डाव्या पक्षांची आघाडी विजयी झाली. १७ जुलै १९३६ रोजीं मोरोक्कोंतील स्पॅनिश सैन्यानें बंड पुकारलें व दुसऱ्या दिवसापासून तें मुख्य भूमीवर पसरलें. १ ऑक्टोबर रोजीं बुर्गोस येथें बंडखोर पक्षाचें सर्वाधिकार जनरल फ्रान्सिस्को फ्रँको यांच्या हातीं देण्यांत आले. सालामांका येथील बिशपचा वाडा हें त्यांचें मुख्य ठाणें झालें. जर्मनी व इटली यांनीं फ्रँकोस, तर सोव्हिएत रशियानें प्रजासत्ताकास साहाय्य केलें; इंग्लंड व फ्रान्स यांनीं अलिप्ततेचें धोरण धरलें. १ एप्रिल १९३९ रोजीं फ्रँको पक्षाच्या पूर्ण विजयानें युद्ध संपलें.

रणांगणाबाहेर झालेल्या हत्या हें या युद्धाचें सर्वांत काळें प्रकरण होय. अलीकडील इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणें प्रजासत्ताकाच्या मुलुखांत सुमारे ५०,००० माणसें मारलीं गेलीं. त्यांत धर्मोपदेशक व मठवासी सुमारे ६,८०० होते. फ्रँको पक्षानें मारलेल्यांची संख्या युद्धोत्तर फांशी व गोळीबार धरून १,३०,००० च्या पुढें जाते. पहिल्या प्रकारच्या हत्यांबरोबर कित्येक चर्चेंहि जाळण्यांत आलीं व त्यांतील जुन्या नोंदवह्या नष्ट झाल्या. दुसऱ्या प्रकारच्या हत्यांत कित्येक प्रेतें रस्त्याच्या कडेस पुरलीं गेलीं आणि त्यांची नोंदच झाली नाहीं. म्हणजे एका बाजूस असलेला कागद जळाला, तर दुसऱ्या बाजूस कागद निर्माणच होऊं दिला नाहीं. या काळाच्या साधनांचा विचार करतांना हा भेद ध्यानांत ठेवावा लागतो.

(२) दफ्तर कसें जमलें

युद्ध चालू असतांनाच फ्रँको पक्षाच्या ध्यानांत आलें कीं, शत्रूचीं माणसें ओळखण्याचें उत्तम साधन शत्रूचेच कागद होत. १९३७ सालीं उत्तरेकडील प्रांत हस्तगत होऊं लागतांच त्यांनीं कागद जप्त करणाऱ्या तुकड्या पाठविल्या. या कामाचे प्रमुख मार्सेलिनो दे उलिबारी हे होते. २६ एप्रिल १९३८ च्या हुकुमानें या कामासाठीं सरकारी खातें स्थापन झालें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘कागदपत्रें परत मिळविण्याचें खातें’ असा होतो. वस्तुतः जे कागद कधींच आपले नव्हते ते ‘परत मिळविण्याचा’ हा प्रकार होता. दफ्तराची खरी ओळख त्याच्या नांवावरून होत नाहीं, याचा हा पहिला दाखला.

शहर पडलें म्हणजे या तुकड्या पक्षांचीं कार्यालयें, कामगारसंघ, वृत्तपत्रकचेऱ्या, फ्रीमेसनांचीं मंदिरें व खासगी घरें यांत शिरत. सभासदांच्या याद्या, वर्गणीच्या वह्या, सभांचीं इतिवृत्तें, पत्रव्यवहार, छायाचित्रें, जें सांपडेल तें पोत्यांत व पेट्यांत भरून सालामांकास रवाना होई. जानेवारी १९३९ मध्यें बार्सेलोना पडल्यावर कातालोनियाचे कागद आगगाडीचे डबेच्या डबे भरून आले. मागाहून माद्रिद व वालेन्सिया येथील आले. हे सर्व सान आंब्रोसिओ या जुन्या विद्यालयाच्या इमारतींत ठेवण्यांत आलें.

यानंतरचें काम कारकुनांचें होतें. प्रत्येक कागद वाचून त्यांत आलेल्या प्रत्येक नांवाचें एकेक कार्ड करावयाचें, त्यावर तो कागद कोठें आहे हें टिपावयाचें, व कार्डें वर्णानुक्रमानें लावावयाचीं, अशी ही पद्धति होती. कार्डांची संख्या सुमारे तीस लाखांवर गेली. एखाद्यानें दहा वर्षांपूर्वीं कामगारसंघास वर्गणी दिली असेल, तर ती पावती आतां त्याच्याविरुद्ध पुरावा झाली. ९ फेब्रुवारी १९३९ च्या ‘राजकीय जबाबदारी’च्या कायद्यानें १ ऑक्टोबर १९३४ पासूनचीं कृत्यें मागाहून गुन्हा ठरविलीं, १ मार्च १९४० च्या कायद्यानें फ्रीमेसन व कम्युनिस्ट यांच्यासाठीं खास न्यायासन निर्माण केलें. हें न्यायासन १९६३ पर्यंत चाललें, आणि त्यास पुरावा सालामांकाहून जात असे.

(३) या कागदांची विश्वसनीयता

आतां येथें संशोधकास दोन अडचणी येतात. पहिली कार्डांची. फ्रीमेसन असल्याच्या संशयावरून सुमारे ८०,००० इसमांचीं प्रकरणें तयार झालीं; वस्तुतः १९३६ सालीं साऱ्या स्पेनमध्यें फ्रीमेसन दहा हजारांहून अधिक नव्हते असें इतिहासकार मानतात. तेव्हां कार्डावर नांव असणें हा त्या मनुष्याच्या मताचा पुरावा नव्हे. तो सरकारच्या संशयाचा पुरावा होय.

दुसरी अडचण कबुलीजबाबांची. १९४० च्या कायद्याप्रमाणें फ्रीमेसनांस ठराविक मुदतींत आपल्या पूर्वायुष्याचें निवेदन लिहून देऊन जुन्या मतांचा त्याग करावा लागे. हीं निवेदनें सहीशिक्क्यानिशीं आहेत. कागद, शाई, हस्ताक्षर यांत खोट काढतां येत नाहीं. परंतु तुरुंगाच्या व उपासमारीच्या भीतीनें लिहिलेल्या कागदांत मनुष्य आपला सहभाग कमी करून सांगणार, मित्रांचीं नांवें लपविणार, किंवा मेलेल्यांचींच नांवें देणार हें उघड आहे. अस्सल कागद व सत्य कथन या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें येथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच अन्यत्र दिसेल.

नांवांविषयींहि अशीच सावधगिरी हवी. या युद्धांत प्रजासत्ताकाच्या बाजूनें अनेक देशांचे स्वयंसेवक लढले. त्यांत नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार हेहि होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ते पहिले सरकार्यवाह. इंग्लंडांत असतांना ते आंतरराष्ट्रीय तुकडींत दाखल झाले, तें ‘जॉन स्मिथ’ या नांवानें. १९३८ च्या वसंतांत गांदेसा येथें ते पकडले गेले व बुर्गोसजवळील सान पेद्रो दे कार्देन्या या मठांतील बंदिवासांत राहिले. त्याच वर्षीं सुटून ते हिंदुस्थानांत परतले. एखाद्या मराठी संशोधकानें त्या काळच्या याद्यांत हुद्दार हेंच नांव शोधलें, तर तो हात हालवीत परत येण्याचा संभव आहे. घेतलेलें नांव ठाऊक असेल तरच माणूस सांपडतो.

(४) विस्मरणाचा करार व दफ्तराचें स्थित्यंतर

२० नोव्हेंबर १९७५ रोजीं फ्रँको वारले. त्यांनींच वारस नेमलेले राजे हुआन कार्लोस यांच्या कारकीर्दींत जुन्या कायद्यांच्या चौकटींतूनच नवी व्यवस्था घडविण्यांत आली. डिसेंबर १९७६ मध्यें राजकीय सुधारणेच्या कायद्यास सार्वमतानें संमति मिळाली. एप्रिल १९७७ मध्यें कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली. १५ जून १९७७ रोजीं खुल्या निवडणुका झाल्या. आणि ६ डिसेंबर १९७८ रोजीं लोकांनीं नवी राज्यघटना मान्य केली. २३ फेब्रुवारी १९८१ रोजीं सशस्त्र शिपायांनीं लोकसभागृहांत घुसून सभासदांस ओलीस धरलें. परंतु तें बंड दुसऱ्याच दिवशीं मोडलें. ऑक्टोबर १९८२ मध्यें समाजवादी पक्ष बहुमतानें सत्तेवर आला, व यादवींत हरलेल्यांच्या वारसांकडे राज्य शांततेनें गेलें.

या शांततेची किंमत मात्र द्यावी लागली. १५ ऑक्टोबर १९७७ च्या माफीच्या कायद्यानें राजकीय बंदी सुटले. त्याच कायद्यानें राजवटीच्या अधिकाऱ्यांनीं केलेल्या अत्याचारांवरहि पडदा टाकला. दोन्ही पक्षांनीं मागचें उकरून काढूं नये असा हा जणूं करार होता. याच सुमारास राजवटीच्या एकमेव पक्षाचीं बरींच दफ्तरें जाळण्यांत आलीं असें इतिहासकार सांगतात. न्यायासनापुढें जाण्याचा मार्ग बंद झाल्यावर गतकालाची साक्ष देणारें जें थोडें उरलें, त्यांत सालामांकाचें दफ्तर प्रमुख होतें. १९७९ सालीं तें संस्कृतिखात्याकडे येऊन राष्ट्रीय ऐतिहासिक दफ्तराचा एक विभाग बनलें.

१९८४ च्या कायद्यांनीं प्रजासत्ताकाच्या सैन्यांत व पोलिसांत नोकरी केलेल्यांस निवृत्तिवेतनाचे हक्क दिले आणि तुरुंगांत गेलेलीं वर्षें विम्याच्या हिशोबांत धरण्याची सोय केली. पण हक्क मागावयाचा तर पुरावा पाहिजे. चाळीस वर्षें ज्यांनीं आपली ओळख लपविली, घरांतले कागद स्वतःच्या हातानें जाळले, त्या वृद्धांपाशीं व विधवांपाशीं पुरावा कोठून असणार ? तो होता सालामांकास. सैन्याचीं पत्रकें, नेमणुका, सभासदत्वाच्या याद्या, ज्यांच्या आधारें बापास शिक्षा झाली त्याच कागदांचे दाखले आतां मुलें मागूं लागलीं. शत्रूनें कागद नीट राखले नसते, तर हा हक्क कित्येकांस मिळालाच नसता.

(५) कागद कोणाचे ?

लोकशाही आल्यावर एक नवा वाद उभा राहिला. कातालोनियाच्या प्रांतिक सरकारानें आपले जप्त कागद परत मागितले. सालामांकाकरांचें म्हणणें असें कीं, दफ्तर एकत्र आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे. तें फोडलें तर दडपशाहीचें यंत्र कसें चालत होतें याचा पुरावाच नाहींसा होईल. कातालान पक्षाचें उत्तर असें कीं, लुटीनें आलेल्या वस्तूवर लुटारूच्या वारसाचा हक्क पोंचत नाहीं. शिवाय हे कागदहि मुळांत दुसऱ्याच एका दफ्तराचे अवयव होते, तें फोडूनच सालामांकाचें जमलें. १९९५ सालीं सालामांकांत परत देण्याविरुद्ध मोठी निदर्शनें झालीं. अखेर नोव्हेंबर २००५ मध्यें कायदा होऊन जानेवारी २००६ मध्यें ५०० पेट्या पहांटेच्या वेळीं पोलीस बंदोबस्तांत बाहेर पडल्या. रागावलेल्या नगरपालिकेनें दफ्तराच्या रस्त्याचें जिब्राल्टर हें नांव बदलून ‘लूट’ या अर्थाचें नांव दिलें. पुढें जुनें नांव पुन्हां आलें.

दोन्ही पक्षांचे मुद्दे शास्त्रशुद्ध होते, हें येथें मान्य केलें पाहिजे. कायद्यानें काढलेला तोडगा असा कीं, अस्सल कागद धन्याकडे जावा आणि त्याची नक्कल सालामांकास त्याच जागीं, त्याच क्रमानें राहावी. आमच्या मतें हाच मार्ग योग्य होय. कारण मालकी अस्सल कागदाची असते, परंतु क्रमाचा अर्थ नकलेनेंहि टिकवितां येतो.

२००७ सालीं या दफ्तराचें ‘ऐतिहासिक स्मृतीच्या कागदपत्रांचें केंद्र’ झालें. यादवीच्या काळीं आगुस्ती सेन्तेलेस या छायाचित्रकारानें आपल्या कांचा व फिती पेटींत घालून फ्रान्समध्यें नेल्या होत्या व १९७६ पर्यंत त्या तेथें दडवून ठेवल्या होत्या. त्यांचा संग्रह २००९ सालीं सरकारनें विकत घेऊन सालामांकास आणला. जप्तीपासून वांचविलेली वस्तु जप्तीच्या घरीं आपण होऊन आली, यावरून घराचा धर्म किती बदलला होता तें दिसतें.

तथापि जेथें कागदच नाहीं तेथें जमीन खणावी लागली. ऑक्टोबर २००० मध्यें प्रियारान्सा देल बिएर्सो या गांवीं एका खड्ड्यांतून १३ जणांचे अवशेष शास्त्रीय पद्धतीनें काढण्यांत आले. तेव्हांपासून असे शोध देशभर सुरू झाले. २००७ व २०२२ सालच्या कायद्यांनीं त्यांस सरकारी आधार दिला. उलट, १९६८ सालीं फ्रँकोच्या अमदानींत झालेला, सरकारी गुपितें आपोआप खुलीं होण्याची मुदतच न घालणारा कायदा लोकशाही आल्यावरहि कित्येक दशकें चालू राहिला. राज्यघटना बदलली म्हणजे दफ्तराचीं कुलुपें आपोआप उघडतात असें नाहीं.

तात्पर्य, कागद जमविणाऱ्यांनीं या हकीकतींतून एवढें घ्यावें. कागद कोणाच्या घरून, कोणाच्या हातून, कोणत्या रुमालांतून आला, हें तो घरीं आणतांनाच टिपून ठेवावें, आणि मूळचा क्रम मोडण्यापूर्वीं त्याची यादी करावी. सालामांकाच्या कारकुनांनीं हें काम दुष्ट हेतूनें, पण चोख केलें. म्हणूनच पुढें कोणत्या गांवचा, कोणत्या संस्थेचा कागद कोणता हें ठरवून तो धन्यास परत देतां आला. सद्धेतूनें जमविणाऱ्यांनीं त्यांच्याहून कमी काळजी घेणें शोभणार नाहीं.