दुचाकीला जादा दिवे लावताना

परभणी जिल्ह्यात रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला दुचाकीवर शेत गाठणारे पुष्कळ. त्यामुळे जादा दिवे, मोबाइल चार्जर बसवण्याकडे कल असतो. पण थोडा हिशेब हवा.

दुचाकीची बॅटरी सहसा 12 व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 30 वॅटचे दोन दिवे म्हणजे 60 वॅट, अर्थात 5 अँपिअर. एवढा प्रवाह हेडलाइटच्या बारीक वायरीतून घेतला, तर वायर तापते, बटण जळते. म्हणून रिले लावावा. बटणातून रिलेपुरताच किरकोळ प्रवाह जातो. दिव्यांना वीज जाड वायरीने थेट बॅटरीतून मिळते. या वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ साडेसात अँपिअरचा फ्यूज हवाच. रिलेचे बटण चावीनंतरच्या वायरीवर जोडावे. नाहीतर दिवे चुकून चालू राहिले, तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

नुसती टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात सुटतो. तो डाग देऊन त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न मात्र लावू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार त्याला मनाई आहे.