युरोप दाखवा, पण जरा सावकाश

मंडळी, उन्हाळा आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातून आई-बाबा येतात, आणि पहिल्याच आठवड्यात 'युरोप कधी करायचा?' हा विषय निघतो. मग स्वस्त विमानं शोधायची आणि दहा दिवसांत सहा देश बसवायचे! आई-बाबांच्या गुडघ्यांचं काय होतं ते सोडा, पण निसर्गाचं काय होतं हेही एकदा बघायला हवं.

मुंबई-लंडन जाऊन-येऊन विमानप्रवासात माणशी साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो टाळा, असं कोण म्हणेल? नातवंडांना आजी-आजोबा भेटायलाच हवेत. पण एवढा भार टाकलाच आहे, तर वर पुन्हा लंडन-पॅरिस, पॅरिस-झुरिक, झुरिक-रोम अशा छोट्या उड्या कशाला? विमान जमिनीवरून उठून उंची गाठेपर्यंत भरपूर इंधन खातं. म्हणून छोटा विमानप्रवास दर किलोमीटरमागे निसर्गाला जास्त महाग पडतो.

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून युरोस्टार साधारण सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसला पोचते. फ्रान्समधली बरीचशी वीज अणुऊर्जेची, त्यामुळे या प्रवासात माणशी कार्बन विमानाच्या एक दशांशही होत नाही. पॅरिसहून झुरिकला थेट गाडी आहे, चार तासांची. अडचण एकच, पॅरिसमध्ये स्टेशन बदलावं लागतं. युरोस्टार गार द्यू नोरला येते आणि झुरिकची गाडी गार द लियाँवरून सुटते. शहरातली आर.ई.आर. गाडी (डी लाईन) दोन स्टॉपमध्ये तिथे नेते, पण जिने आणि गर्दी लक्षात घेऊन बॅगा हलक्या ठेवा. दोन गाड्यांमध्ये दीड-दोन तास मोकळे ठेवलेले बरे.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला सिनेमातला बर्फ आठवतो. (इंटरलाकेनला २०१६ साली यश चोप्रांचा पुतळाही उभा राहिला!) तिथल्या रेल्वेची बहुतेक वीज पाण्यावर तयार होते. ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोखला १९१२ पासून रेल्वे जाते, आणि तिथून दिसते ती आल्प्समधली सर्वात लांब हिमनदी, आलेच. पण २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांमधला सुमारे दहा टक्के बर्फ वितळून गेला. आपण कौतुकानं बघायला जातो तेच संपत चाललंय. तेव्हा रोज नवं शहर गाठण्यापेक्षा एकाच गावी चार दिवस राहावं. तळ्याकाठी फिरावं, बोटीत बसावं, बाबांना दुपारची झोप मिळू द्यावी. सहलीहून परतल्यावर आठवणीत राहतं ते हेच, असं माझं तरी मत आहे.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. एकट्या झुरिकमध्ये बाराशेहून जास्त कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. नसेल तिथे 'कैन ट्रिंकवासर' अशी पाटी असते. आपला स्टीलचा डबा आणि पेला बरोबर असला की कागदी प्लेट-कपांचीही गरज नाही. चिवडा, भडंग डब्यात उत्तम राहतात.

व्हेनिसची गोष्ट निराळी. तिथल्या ऐन गावाजवळच्या कालव्यातून मोठ्या क्रूझ बोटींना २०२१ मध्ये बंदी झाली. २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात झाली. सकाळी येऊन संध्याकाळी पळणारे पाहुणे कचरा ठेवून जातात, पैसा फारसा नाही. शक्य असेल तर एक रात्र राहा किंवा ऐन हंगामात जाऊ नका.

आता 'कार्बन ऑफसेट'. तिकिटाबरोबर चार पैसे जादा भरले की झाडं लावू, असं कंपन्या सांगतात. जरूर द्या. पण विमानातून आज निघालेला धूर आजच हवेत जातो, आणि रोपट्याला तेवढा कार्बन शोषायला कित्येक वर्षं लागतात, तेही ते जगलं तर. पैसे भरले म्हणून एक फेरी जास्त करू, हा हिशेब काही बरोबर नाही.

रेल्वेची तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त पडतात. स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे, बस, बोट सगळं चालतं, युंगफ्राऊयोखच्या तिकिटावर मात्र फक्त सवलत मिळते. सोळा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्डावर फुकट प्रवास करता येतो, पण त्यासाठी आई किंवा बाबा पास घेऊन बरोबर लागतात. नुसते आजी-आजोबा चालत नाहीत!