बोल्ट जाम? जोर नको, धीर धरा!
मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. पण गोंदियात तुमच्या अंगणात आजोबांची पद्मिनी उभी असेल, तर ती पुन्हा चालू शकते. पहिली अडचण सस्पेन्शनची. पावसाळ्यामागून पावसाळे खाऊन त्याचे बोल्ट गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून नट जाम होतो. उगाच ताकद लावली तर बोल्टच तुटतो. आधी ब्रशने घासा, गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर थांबा. मग थोडं आवळा, थोडं सैल करा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, मजबूत स्टँड लावाच. आणि पुढची कॉइल स्प्रिंग दाबलेली असते. उसळली तर जीवावर बेतेल. ती मात्र मिस्त्रीभाऊंनाच काढू द्या. तुम्ही बाजूला उभं राहून शिका!